वाचकांचे प्रश्न : जगिक गाणे ऐकताना प्रार्थना सुचली तर

प्रश्न : आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम. मी कोल्हापूरचा रहिवासी असून बऱ्याच वर्षांपासून आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेला पेटी वाजवतो. शास्त्रीय गाण्याची आवड मला लहानपणापासून आहे. येथील देवल क्लब या संगीतसंस्थेत मैफल असली की मी शक्यतो चुकवत नाही आणि रात्री झोपण्यापूर्वी जुनी भावगीते ऐकतो. गेल्या वर्षी माझी आई प्रभूकडे गेली. त्यानंतर कित्येक महिने मी मंडळीत गीते वाजवत होतो, पण मन कोरडेच राहत होते. मग एका रात्री रेडिओवर एक जुने भावगीत लागले. त्यात देवाचे नाव कोठेही नव्हते. दूर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईचे ते गाणे होते. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो आणि रडता रडता प्रार्थना करू लागलो. तेव्हापासून अशा गाण्यांत ‘सखा’ किंवा ‘साजण’ असा शब्द आला, की तेथे मनातल्या मनात प्रभूचे नाव घालून ऐकण्याची सवय मला लागली आहे. घरगुती प्रार्थनासभेत मी हे साक्ष म्हणून सांगितले, तेव्हा आमच्या मंडळीतील एक ज्येष्ठ वडीलजन म्हणाले, की जगिक, म्हणजे देवाविषयी नसलेल्या, गाण्यातून मिळणारे समाधान जगिकच असते, ते पवित्र आत्म्याचे काम नव्हे, आणि देवाच्या घरात पेटी वाजवणाऱ्याने तरी अशा गाण्यांपासून दूर राहावे. मी त्यांना मानतो, म्हणूनच त्यांचे बोलणे मनाला लागले. त्या रात्री मला देव भेटला, की मी नुसता भावनेच्या भरात वाहून गेलो?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. आईच्या वियोगाचे दुःख तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. त्या रात्रीच्या प्रार्थनेवर संशय घ्यावा असे मला काहीच दिसत नाही. मात्र ‘सखा’च्या जागी प्रभूचे नाव घालण्याची सवय तुम्ही सोडावी, असे मला मनापासून वाटते. वडीलजनांच्या बोलण्यातही तथ्य आहे, त्याकडे मी नंतर येते.

मंडळीतली गीते वाजवताना तुमचे मन कोरडे का राहिले, याचा विचार आधी करू. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ‘हे परमेश्वरा, तू कोठवर लपून राहणार’ असे तेथे भक्त देवाच्या तोंडावर विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कसलाही दिलासा न देता अंधारातच संपते. आपल्या मंडळ्यांत मात्र रविवारची गीते निवडताना स्तुती, उपकारस्मरण आणि आश्वासन यांवरच बहुतेक भर असतो, आणि ज्याच्या घरात नुकतीच शवपेटी उचलली गेली आहे त्यालाही तीच गीते टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावी लागतात. तुमच्या मनात विलाप साठलेला होता आणि त्याला तोंड फुटायला जागा नव्हती. ती जागा तुम्हाला एका भावगीतात मिळाली. यात दोष असलाच तर तो आमच्यासारख्या गीते निवडणाऱ्यांकडे अधिक जातो. रडण्यातून प्रार्थनेकडे जाण्याची वाट पवित्र शास्त्रानेच आखून दिलेली आहे आणि तुम्ही त्याच वाटेने गेलात. त्या वाटेवर तुम्हाला कोणी आणून सोडले, ही त्या मानाने दुय्यम गोष्ट आहे.

आता ‘जगिक’ संगीत देवाच्या कामाबाहेरचे असते का, हे पाहू. पवित्र शास्त्रात वाद्यांचा पहिला उल्लेख येतो तो उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, आणि तोही भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशावळीत. वीणा आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष युबाल हा त्या घराण्यातला. पुढे दाविदाच्या हाती जी वीणा आली, ती कला त्या घराकडून आली असूनही शास्त्राने तिला विटाळ मानलेला नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जाँ कॅल्व्हिनने या उताऱ्यावरील भाष्यात, असल्या कला या देवाच्या देणग्या आहेत आणि आत्म्याची उत्तम दाने साऱ्या मानवजातीत पसरलेली आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. कॅल्व्हिनचे नाव मी मुद्दाम घेते, कारण १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि पुढे १८७० मध्ये त्यांचे मिशन कॅल्व्हिनची शिकवण मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन मंडळाखाली गेले, तेव्हापासून कोल्हापूरची बरीच ख्रिस्ती मंडळी त्याच विचारधारेत वाढलेली आहे. याच कॅल्व्हिनने जिनिव्हाच्या उपासनेत वाद्यांना जागा दिली नव्हती आणि तेथे मुख्यतः स्तोत्रेच गायली जात, हेही विसरता कामा नये. उपासनेत काय गावे याबद्दल तो फार कडक होता, आणि उपासनेबाहेरच्या जगात देवाने काय पेरले आहे याबद्दल तो तितकाच उदार होता. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या प्रार्थनासभेत त्यांची सरमिसळ झाली, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

प्रेषित पौलाने अथेन्समध्ये काय केले, तेही पाहावे. अरियपग या टेकडीवरच्या भाषणात तो ग्रीक श्रोत्यांना सांगतो, की तुमच्याच काही कवींनी म्हटले आहे, ‘आपण वास्तविक त्याचा वंश आहोत.’ ही ओळ अराटस नावाच्या कवीची आहे. तो ख्रिस्ताच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचा, पौलाच्याच किलिकिया प्रांतातला, आणि ताऱ्यांवरच्या त्याच्या काव्यात ही ओळ येते ती झ्यूस देवाला उद्देशून. एवढे असूनही पौलाने त्या ओळीतले सत्य उचलले. पण तो कवी मनातून आपल्यासारखाच विश्वासी होता, असा दावा त्याने केला नाही, की त्याचे शब्दही बदलले नाहीत. ‘तुमच्या कवींनी’ म्हणून ज्याचे श्रेय त्याला देऊन तो पुढे आपले म्हणणे मांडतो. तुमच्या सवयीबद्दल मला जे सांगायचे आहे, ते पौलाच्या या वागण्यात पुरते आलेले आहे.

चालींबद्दल तुम्हाला पेटीवादक म्हणून विशेष गोडी वाटेल अशी एक गोष्ट सांगते. नाट्यपदांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून त्यापुढे एखाद्या आधीच्या लोकप्रिय पदाचा मुखडा दिलेला असतो, हे तुम्ही पाहिले असेल. स्तोत्रसंहितेतही काही स्तोत्रांच्या डोक्यावर असेच गूढ शब्द आहेत. बाविसाव्या स्तोत्रावर ‘पहाटेची हरिणी’ असे शब्द आहेत, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ते त्या काळच्या एखाद्या ओळखीच्या गाण्याचे, म्हणजे चालीचे, नाव असावे. हे मत बरोबर असेल, तर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे वधस्तंभावर प्रभूच्या मुखातून निघालेले शब्द मंदिरात एके काळी लोकांच्या तोंडी रुळलेल्या कुठल्याशा हरिणीच्या गाण्यावर म्हटले जात होते. युरोपातही हेच घडले. हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराने १६०१ मध्ये एका प्रेमगीतासाठी बांधलेली चाल पुढे प्रभूच्या काट्यांच्या मुकुटावरील गीताला लागली, आणि बाखने ती मत्तयाच्या शुभवर्तमानावरील आपल्या दुःखसहनाच्या संगीतात पुन्हा पुन्हा वापरली. तुमच्या पेटीचेही तसेच आहे. हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले, पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी ती येथे उपासनेसाठी आणली, मग ती कीर्तनात आणि नाटकात शिरली, कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तिला रंगभूमीवर आणि मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, आणि आज मंडळीत तुम्ही ती वाजवता तेव्हा तुमच्या बोटांत त्या रंगभूमीचे वळण थोडेफार असतेच.

मग नाव बदलून ऐकण्याला माझी हरकत का आहे? तुमच्या पत्रातल्या गाण्याचेच उदाहरण घेते. ते गाणे एका आईचे आहे; तिचा मुलगा दूर आहे आणि ती वाट पाहते आहे. त्या रात्री तुम्हाला रडू आले ते त्यात आई होती म्हणून. त्या आईला तुम्ही ताबडतोब मंडळी केले असते आणि मुलाला प्रभू केले असते, तर तुमची स्वतःची आई त्या गाण्यातून निघून गेली असती. आईची वाट पाहणे हे जसे आहे तसेच देवाच्या सृष्टीतले सत्य आहे. त्याला पवित्र होण्यासाठी दुसऱ्या अर्थाचे कापड गुंडाळावे लागत नाही. शास्त्रातलाच गीतरत्न हा ग्रंथ पाहा. त्यात देवाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांना द्राक्षमळ्यांत शोधतात. मंडळीने त्यात ख्रिस्त आणि मंडळी यांचे नाते पाहिले, त्यावर मोठे चिंतन झाले, बाराव्या शतकातील मठाधिपती क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने त्यावर ८६ प्रवचने केली आणि तरीही तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचला. त्या चिंतनाविषयी मला आदर आहे. पण ते गीत आधी त्या दोघांचे आहे, आणि शास्त्राने त्यांना तसेच ठेवून घेतले, हे मला अधिक मोलाचे वाटते. शिवाय नाव बदलून ऐकण्यात एक अप्रामाणिकपणा नकळत शिरतो. कवीने जे म्हटलेच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि मग ज्या गाण्यात अशी अदलाबदल जमत नाही ते आपल्याला निरुपयोगी वाटू लागते.

देवल क्लबातल्या मैफलीचा तुमचा अनुभव आठवून पाहा. गाणे सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळवले जातात. गवई घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा किंचित पुढेमागे सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो, आणि एका क्षणी जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, खुलते व साध्या तारेतून स्वरांचा झोत बाहेर पडू लागतो. श्रोते तोपर्यंत शांत झालेले असतात. मग जयपूर घराण्याचा गवई असेल तर बंदिशीचा मुखडा येतो, त्यात बहुधा सासू-नणंदेची कुरकुर असते किंवा न आलेल्या प्रियकराची तक्रार असते, आणि थोड्याच वेळात शब्द मागे पडून नुसता आकार उरतो. त्या तासाभरात तुम्ही कोणत्या शब्दाच्या जागी कोणते नाव घालणार? तेथे घालण्यासारखे काही नाही आणि काढण्यासारखेही काही नाही. एवढे एकाग्र होऊन, स्वतःला विसरून दुसऱ्याचे ऐकत बसणे आपल्याला एरवी क्वचितच जमते, आणि प्रार्थनेलाही याच शांततेची गरज असते. मैफलीतून उठल्यावर वाटेत तुमच्या तोंडून देवाचे आभार निघाले, तर ते पुष्कळ झाले. गायकाने ख्रिस्ताविषयी काही सांगितले, असे म्हणण्याची जरुरी नाही.

आता तुमच्या वडीलजनांविषयी. ‘समाधान मिळाले म्हणजे आत्म्याचे काम झाले असे नव्हे’ हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि त्याचा दाखला शौल राजाच्या चरित्रात आहे. शौलाचा जीव घाबरा होई तेव्हा दावीद वीणा वाजवी, आणि शौलाला आराम पडे, असे १ शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात आहे. पण दोनच अध्याय पुढे तीच वीणा, तोच वादक, आणि ते वादन चालू असतानाच शौल दाविदाला भिंतीशी खिळण्यासाठी भाला फेकतो. संगीताने त्याचे चित्त शांत केले, त्याचा मत्सर मात्र जागचा हलला नाही. संत ऑगस्टीननेही आपल्या आत्मनिवेदनात कबुली दिली आहे, की गायलेल्या अर्थापेक्षा गाणाऱ्या आवाजानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्याला ते पाप वाटते. आणि लक्षात घ्या, की तो हे मंडळीतल्या पवित्र गीतांविषयी बोलतो आहे. तेव्हा हा धोका भावगीताला आहे तसाच आपल्या उपासनेतल्या गीतालाही आहे. त्या रात्रीनंतर तुमच्यात काय बदलले, हे तुम्ही स्वतःला विचारावे. भावंडांशी बोलणे वाढले का, आईविषयी काही सल मनात असेल तर तो देवापुढे मांडता आला का, घरातल्यांवरची चिडचिड कमी झाली का? तुमच्या पत्रात याविषयी काही नाही आणि मला ते जाणून घेण्याचा अधिकारही नाही, पण वडीलजनांना जी खूण हवी आहे ती येथेच सापडेल.

त्यांच्या भीतीमागे इतिहासही आहे, तो हलका मानू नये. पश्चिम महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढ्यांत अशा घरांतील माणसेही होती, ज्यांच्यावर गावकीत हलगी आणि सनई वाजवण्याचे काम जन्मानेच लादलेले होते. दुसऱ्याच्या जत्रेत आणि वरातीत, बाजूला उभे राहून, मिळेल त्या भाकरीवर वाजवायचे. त्यांच्यासाठी ते वाद्य खाली ठेवणे ही सुटका होती, आणि ‘आता ते गाणे-बजावणे नको’ हा नियम त्यांनी स्वाभिमानाने केला. तुमच्या वडीलजनांच्या घराण्याची कथा मला ठाऊक नाही, परंतु आपल्या मंडळ्यांत ‘जगिक गाणी नकोत’ हे वाक्य आजही उच्चारले जाते तेव्हा त्यात या आठवणीचा अंश असू शकतो, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलाल तेव्हा आधी हे विचारून घ्या.

त्याच वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीही आठवण त्यांना करून द्यावी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मोकळेपणाने सांगितले. अभंग, ओवी, भजन, कीर्तन या मराठी माणसाच्या कानात बसलेल्या साऱ्या घाटांत त्यांनी ख्रिस्ताची गीते रचली, आणि १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करतानाही त्यांचा ध्यास तोच होता. आज ‘उपासना संगीत’ हा आपला गीतसंग्रह उघडून तुम्ही जी गीते पेटीवर घेता, त्यांत टिळकांची कितीतरी आहेत आणि ती आपल्याला जन्मापासूनची आपलीच वाटतात. टिळकांनी तुकोबांना ख्रिस्ती म्हणून दाखवले नाही. त्यांचे ऋण मानले आणि आपले गीत वेगळे लिहिले. तुमच्यासाठी हा धडा मला फार उपयोगी वाटतो. एखादे भावगीत तुम्हाला देवाकडे घेऊन गेले, तर ते गीत तसेच राहू द्या आणि तुमचे जे म्हणणे आहे ते स्वतःच्या शब्दांत प्रार्थनेत मांडा.

सर्वच गाणी हितकारक असतात, असे मी म्हणत नाही. ज्या गाण्याने वासना चाळवते, दारूची ओढ लागते किंवा कोणाच्या जातीची वा स्त्रीत्वाची टिंगल होते, ते सोडावे, यात दुमत नसावे. काही गाणी स्वतः निर्दोष असूनही एखाद्याला जुन्या व्यसनाच्या दिवसांत परत नेतात. अशा बांधवाच्या देखत ती लावू नयेत, कारण मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबाबत पौलाने करिंथकरांना दिलेला सल्ला येथेही लागू पडतो. रात्री गाणे संपल्यावर लगेच दुसरे न लावता तेथेच थांबावे आणि विलापाचे एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे. तेरावे स्तोत्र छोटे आहे, सहा ओव्यांचे. आणि पाळकसाहेबांना भेटून, वर्षातून एकदा तरी, ज्यांच्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला आहे त्यांच्यासाठी विलापाच्या गीतांची उपासना ठेवता येईल का, हे विचारावे. पेटी तुम्हीच वाजवा आणि त्या वडीलजनांना स्तोत्र वाचायला सांगा.

प्रश्न : ताई, सलाम. माझी मुलगी दहावीत असून कोल्हापुरातच एका गुरूंकडे ख्याल शिकते. आता तिला मिळालेल्या बंदिशीत कृष्णाचे नाव आहे. तिला ती गाऊ द्यावी का? सासरच्यांना हे पसंत नाही.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. शाहू महाराजांनी ज्यांना कोल्हापूर दरबारी आणले, ते अल्लादियाखाँसाहेब मुसलमान होते, आणि त्यांच्या घराण्यात हिंदू देवतांची नावे असलेल्या बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. विद्येचा भाग म्हणून बंदिश गाणे आणि उपासना करणे यांत त्यांना फरक करता आला. माझ्या मते तुमच्या मुलीलाही तो करता येईल, पण त्यासाठी तिच्याशी आधी बोलावे लागेल, आणि तिच्या मनाला टोचत असेल तर तिच्यावर सक्ती करू नये. तशा वेळी गुरूंना संकोच न करता सांगावे. त्याच रागात ऋतूवर्णनाच्या बंदिशी असतात, तराणे असतात, आणि शिष्येचा विश्वास समजून घेऊन दुसरी चीज देण्यात कोणताही जाणता गुरू कमीपणा मानणार नाही. सासरच्यांना तिचा रियाज घरी समोर बसून ऐकायला सांगा. आणि गुरूंकडे जाल तेव्हा मुलीलाही बरोबर न्या. बोलणे तिच्याविषयी आहे, तेव्हा ते तिच्यासमोरच व्हावे.